नव्या १२ बोरचं कारखान्याचं तेल आणि क्लीनिंग किट, पैसे वसूल होतात का?

किट घेऊ की नको एवढंच बघायला आला असाल तर आधीच सांगून टाकतो, ब्रश आणि जॅग (चिंधी अडकवायचं टोक) सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्या, बाकी डबा दिसायला भारी आहे पण कामाला अर्धाच. आणि नवी बंदूक घरात आलेली असेल, नळीला ते पिवळट चिकट तेल तसंच असेल तर जरा थांबा, खालचं वाचा आणि मग हात लावा, कारण बेळगावजवळच्या आमच्या खानापूर भागात बघतोय मी, लोक नवी बंदूक आणतात, देवापुढं ठेवतात, हळदकुंकू लावतात आणि तशीच तेलासकट शेतात नेऊन पहिला बार काढतात, मग एवढा धूर कसा आला म्हणून दुकानदाराला फोन.

आमची बंदूक साधी सिंगल बॅरल, १२ बोर, मधे मोडून काडतूस घालायची ती. लायसन बाबांच्या नावावर, पीक राखायचं. आधी आजोबांची ठासणीची होती. जांबोटीच्या वरच्या अंगाला भात आणि थोडा ऊस आहे, तिथं डुकरं येतात, गवा येतो, मधेच कधी दांडेलीकडचा हत्ती इकडं वळला की सगळ्या गावाची झोप उडते. बंदूक फक्त आवाजाला बरं का, हवेत एक बार काढला की कळप मागं सरकतंय. मारायचा विषय नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि परवानगीशिवाय डुक्कर जरी पाडलं तरी फॉरेस्टवाले सोडत नाहीत, ते आधीच सांगून ठेवतो म्हणजे खाली कुणी विचारायला नको.

आता तेलाचं. मी बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियात मशीन शॉपला आहे त्यामुळं बंदुकीचं खोकं उघडल्या उघडल्या वासावरूनच कळलं, हे आपलं आरपी ऑइलच की. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रस्ट प्रिव्हेंटिव्ह. आमच्याकडं पार्ट तयार झाला की डिस्पॅचच्या आधी याच्यात बुडवून काढतो, त्यातलं पातळ द्रावण उडून जातंय आणि लोखंडावर मेणासारखा एक थर राहतोय, तो थर हवा आणि ओल आत येऊ देत नाही. पार्ट गोडाऊनला पडू दे, ट्रकमधनं जाऊ दे, पावसात दोन दिवस उभा राहू दे, गंजत नाही. बंदुकीच्या कारखान्यात पण तेच करतात, कारण बंदूक कारखान्यातनं निघाल्यापासनं तुमच्या घरी येईपर्यंत किती महिने कुठल्या कपाटात पडून राहील ते कुणालाच माहीत नसतं. म्हणजे हे तेल वाईट नाही, उलट चांगलं आहे, पण ते ठेवायचं तेल आहे, चालवायचं नाही. आमच्यात पण कस्टमर पार्ट मशीनला बसवायच्या आधी धुऊनच घेतोय की, तसाच बसवला तर बेअरिंगची वाट लागेल.

बंदुकीत तसंच ठेवलं तर काय होतं ते नीट सांगतो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही, तिथं लायसन बघतात, रजिस्टरला लिहितात, पावती देतात आणि पुढचा माणूस. एक तर नळीत उरलेलं तेल पहिल्या बाराला जळतंय आणि धूर होतोय, ते किरकोळ. दुसरं जरा महत्त्वाचं, चेंबर, म्हणजे जिथं काडतूस बसतंय ती जागा. बार उडाला की काडतुसाची टोपली, म्हणजे बाहेरचं कवच, फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागं येणारा धक्का थोडा तिथंच थांबतोय. भिंतीला तेलाचा थर असला की टोपली घसरते आणि तो सगळा धक्का मागं लॉकवर, बिजागरीवर जातोय. एका बारात काही तुटणार नाही पण नवी बंदूक ढिली व्हायला हे एक कारण. तिसरं म्हणजे फायरिंग पिन. पिनच्या भोकात हा मेणचट थर असला की थंडीत तो अजून घट्ट होतोय, पिन हळू येते, काडतुसाच्या टोपीवर ठोका हलका पडतोय आणि फुसका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कणकुंबीकडं काय गारठा असतोय माहीत आहे ना, आणि डुकरं त्याच वेळेला येतात. आणि चौथं, धूळ. चिकट आहे म्हटल्यावर भाताचा भुसा, माती, सगळं चिकटतंय आणि त्याची पेस्ट बनून आतले भाग घासतात.

तर किट. हजार-बाराशेच्या घरात ऑनलाइन मिळतोय, बेळगावात बंदुकीच्या दुकानात पण मिळतोय थोडा जास्त किमतीला. डब्यात तीन तुकड्यांचा रॉड, एक फॉस्फर ब्रॉन्झचा ब्रश, एक लोकरीचा मॉप, एक जॅग म्हणजे चिंधी अडकवायचं टोक, एक मळसूत्रासारखं वळलेलं तारेचं टोक, एवढीशी तेलाची बाटली आणि पांढऱ्या कापडाचे थोडे तुकडे. ब्रँड सांगत नाही, सगळे एकसारखेच येतात, डब्याचा रंग तेवढा वेगळा.

ब्रश एक नंबर. फॉस्फर ब्रॉन्झ बंदुकीच्या पोलादापेक्षा मऊ, म्हणून चरे पडत नाहीत आणि तरी घासायला जोर आहे. स्टीलचा ब्रश कुणी स्वस्तात दिला तर घेऊ नका, आणि घरचा भांड्याचा काथ्या तर अजिबात नको, हे सांगायची वेळ येते म्हणजे बघा. जॅग पण चांगला, पितळी, चिंधी घट्ट धरतोय. मॉप घासायला काही कामाचा नाही पण शेवटी तेलाचा पातळ हात फिरवायला मस्त, फक्त एकदा तो त्या चिकट तेलात भरला की धुऊन धुऊन कंटाळा येतोय, म्हणून तो सगळं साफ झाल्यावरच बाहेर काढा.

रॉड मात्र मला आवडला नाही. अॅल्युमिनियमचा, जोडाच्या आट्या कच्च्या, ढकलताना ब्रश अडकला की मधला जोड फिरून सुटतोय आणि अर्धा रॉड आतच. मशीन शॉपवाल्याला असल्या आट्या बघितल्या की डोकंच दुखतंय. मी जोडाला थोडं लॉकटाइट (आट्या चिकटवायचा गोंद) लावून घट्ट केला आणि आता तो तीन तुकड्यांचा रॉड एकच तुकडा आहे, डब्यात बसत नाही, चालतंय. घ्यायच्या आधी लांबी पण बघा, आपल्याकडच्या सिंगल बॅरलच्या नळ्या लांब असतात, रॉड नळीपेक्षा चांगला वीतभर जास्त पाहिजे नाहीतर मूठ नळीच्या तोंडावर आपटत राहते.

आणि किटची सगळ्यात मोठी गोची. १२ बोरची नळी आतनं साधारण १८.५ मिलिमीटर, ब्रश त्या मापाचा. पण चेंबर त्यापेक्षा रुंद असतंय, २० मिलिमीटरच्या पुढं. म्हणजे ब्रश चेंबरमधनं नुसता हवेत जातोय, भिंतीला लागतच नाही! आणि तेल सगळ्यात जास्त साठलेलं असतंय कुठं, तर चेंबरमधे आणि चेंबर संपून नळी सुरू होते त्या उतारावर. किटमधे यासाठी काहीच नाही. आम्ही ब्रशवर चिंधीचा एक जास्तीचा वेढा घेऊन तो चेंबरमधे फिरवला, रॉड हाताने गोल गोल, तेव्हा कुठं काळपट पिवळा राडा बाहेर आला. चेंबरचा वेगळा जाड ब्रश मिळतोय म्हणे, पण चिंधीचा वेढा असताना त्याच्यासाठी पैसे घालायची गरज मला दिसत नाही.

हे वेढ्याचं डोकं माझं नाही, आमच्या शेजारच्या मामांचं. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर, आमच्या भागात दर दुसऱ्या घरात एक फौजी आहे ते तर तुम्हाला माहीतच आहे, सेंटर बेळगावातच म्हटल्यावर. त्यांना किट दाखवला तर डबा उलटा करून बघितला आणि म्हणाले, "एवढ्या पैशात दोन वर्षाची चिंदी आली असती की रे." मग बसले ओसरीवर खुर्ची टाकून आणि बाबांना एकेक करायला लावलं, स्वतः बंदुकीला बोट लावलं नाही. "लायसन तुमचं, हात तुमचाच. मी बोलणार, तुम्ही करणार." पहिलं वाक्य काय तर, "तात्या, मोडून दाखवा आधी, रिकामी हाय का नाही." नवी कोरी बंदूक, काडतुसं अजून दुकानातनं आणलेली पण नव्हती, तरी दाखवायला लावलं. बाबा जरा कुरकुरले पण दाखवलं.

आता साफ कशानं केलं. बाटलीतलं किटचं तेल बाजूला ठेवा, ते काढायचं तेल नाही, लावायचं आहे, आणि एवढंसं आहे की एका बंदुकीला पण पुरत नाही. काढायला रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन. रॉकेल आता मिळायला अवघड झालंय त्यामुळं मी रंगाच्या दुकानातनं टर्पेंटाइनच आणलं, आम्ही शॉपमधे पण एमटीओच, म्हणजे हेच मिनरल टर्पेंटाइन, वापरतो, आरपी ऑइल त्याच्यात पटकन विरघळतंय. दोन्हीत फरक एवढाच की टर्पेंटाइन सुकून स्वच्छ जातंय आणि रॉकेल मागं हलका तेलकटपणा ठेवतंय, तो तेलकटपणा बघून लोकांना वाटतंय की झालं, आता वेगळं तेल नको. तिथंच घात होतोय. रॉकेल गंज थांबवत नाही, उलट पावसाळ्यात नुसत्या रॉकेलनं पुसलेल्या नळीवर आठवड्यात तांबूस झाक येते.

पेट्रोल नको. सांगून सांगून थकलोय. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशाच्या आसपास पण पेट घेते, रॉकेलला निदान पस्तीस अंश तरी लागतात, आणि आपण हे काम करतो कुठं तर मागच्या पडवीत, जिथं पाण्याची चूल पेटलेली असते. रंग पातळ करायचं एनसी थिनर पण नको, तेल जातंय पण दस्त्याचं पॉलिश पण जातंय, एक थेंब सांडला तरी पांढरा डाग कायमचा. डब्ल्यूडी-४० बद्दल सगळे विचारतात. त्याच्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजेच पाणी हटवणारं, १९५३ च्या सुमाराचं अमेरिकन प्रॉडक्ट आहे, हे चिकट तेल मऊ करायला एकदम चांगलं आहे, पिनच्या भोकात नळी लावून फवारायला तर त्याच्यासारखं दुसरं नाही. पण त्यालाच बंदुकीचं तेल समजून तेवढ्यावरच ठेवू नका, त्याचा थर पातळ, जांबोटीच्या पावसाला पुरणार नाही.

करायची पद्धत सोपी आहे, वेळ मात्र जातोय. नळी, पुढचा लाकडी भाग आणि दस्त्याचा भाग असे तीन तुकडे हाताने सुटतात, त्याच्या आत स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही, तिथनं पुढं गनस्मिथचं काम. नळीत आधी कोरडी चिंधी ढकलायची, जेवढं निघतंय तेवढं निघू दे, हे लोक विसरतात आणि पहिल्याच झटक्यात टर्पेंटाइन ओततात, मग ते सगळं पातळ होऊन एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतूस मागं ओढणाऱ्या भागाच्या, फटीत जाऊन बसतंय. कोरडी चिंधी झाली की टर्पेंटाइनमधे भिजवलेली, मग पाच मिनिटं तसंच ठेवायचं, मग ब्रश, नेहमी चेंबरकडनं तोंडाकडं, मग परत भिजलेली चिंधी, परत कोरडी. मामांचा नियम म्हणजे चिंधी जशी घातली तशीच बाहेर आली पाहिजे, मग थांबायचं. आमच्या चिंध्यांचा ढीग बघून आई म्हणाली जुनं धोतर संपलं आता काय माझी साडी घेताय काय. जुनी सुती धोतरं खरंच बेस्ट आहेत याला. आमच्या शॉपमधलं बनियन वेस्ट पण चालतंय पण कॉटन वेस्ट नको, त्याचे दोरे सुटून आत राहतात.

ही गुळगुळीत नळी आहे हे आपलं नशीब. पीक राखायच्या लायसनवर गुळगुळीत नळीचीच मिळते, रायफल असती तर त्या आतल्या पिळाच्या खाचांमधनं हे तेल काढता काढता नाकी नऊ आले असते. शेवटी नळी उजेडाकडं धरून आत बघायचं, एकसारखी चकचकीत वर्तुळं दिसली पाहिजेत, कुठं मळकट पट्टा दिसला तर तिथं अजून आहे.

बाहेरच्या अंगाला फार घासू नका. काळा रंग जो असतो तो ब्लूइंग आहे, टर्पेंटाइननं तो जात नाही पण जोरानं घासलं तर धारेवर उघडा पडतोय. दस्ता नळीपासून लांब ठेवायचा, लाकडाला टर्पेंटाइन लागू द्यायचं नाही, लाकडाला जवसाचं तेल, दोन थेंब, तळहातानं चोळून.

आणि मग लगेच, म्हणजे लगेचच, तेल लावायचं. चहा पिऊन येतो आणि मग लावतो, असलं चालत नाही. आता नळी एकदम उघडी आहे, तिच्यावर काही नाही आणि तुमच्या हाताचा घाम लागलाय. आमच्या शॉपमधे एकदोन पोरं अशी आहेत की त्यांनी हात लावलेल्या पार्टवर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे गंजून उमटतात, त्यांना ग्लोव्हजशिवाय फिनिश पार्ट देतच नाही. बंदुकीचं पण तेच. साफ न केलेली बंदूक निदान गंजत तरी नाही, साफ करून कोरडी ठेवली तर चार दिवसात खराब, म्हणून अर्धं काम करणार असाल तर मुळात करूच नका असं माझं मत.

लावायला काय, तर बंदुकीच्या दुकानात रंगून ऑइल म्हणून मिळतंय ते, किंवा शिलाई मशीनचं तेल. शिलाई मशीनच्या तेलाला लोक हसतात पण ते हलकं मिनरल ऑइल आहे, चिकट होत नाही, बिजागरीला आणि लॉकला उत्तम, फक्त पावसाळ्यात दर आठवड्याला परत लावायची तयारी ठेवा. बाहेरचं जर्मन बॅलिस्टॉल वगैरे कुणाकडं असेल तर चांगलंच आहे, आमच्या बजेटच्या बाहेर. खोबरेल नको. आमच्याकडं किती घरात बघितलंय, कोयत्याला लावतात तसं बंदुकीला पण खोबरेल, ते थंडीत गोठतंयच. एंजिन ऑइल तात्पुरतं चालेल पण जाड आहे. आणि काहीही लावा, थर इतका पातळ पाहिजे की बोटाला ओलं लागू नये, नुसतं गुळगुळीत लागावं. बार काढायच्या आधी नळी आणि चेंबर परत एकदा कोरड्या चिंधीनं पुसून घ्यायचं, मोजून एक मिनिटाचं काम.

आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीत गरम पाणी ओतायचे ते आठवून बाबा म्हणत होते तसंच करूया की. ते वेगळं होतं. काळ्या दारूची राख पाण्यात विरघळते आणि हवेतली ओल ओढून नळी खाते, म्हणून तिथं कढत पाणी बरोबर. इथं कढत पाण्यानं मेण वितळेल पण पाणी लॉकमधे जाऊन बसेल, मग ते काढणार कसं.

ठेवताना तोंड खाली करून ठेवा, पहिले काही दिवस तरी. उभी ठेवली की जास्तीचं तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरतंय आणि लाकूड तिथं काळं पडून मऊ होतंय. दुकानदार देतात ते चामड्याचं किंवा रेग्झिनचं कव्हर फक्त नेआण करायला, त्यात कायमची ठेवली तर ओल आतच कोंडते.

एक गोष्ट किटवाले सांगणार नाहीत पण आपल्या भागात फार कामाची. कारखान्याचं तेल काढलं म्हणून त्याला शिव्या देऊ नका, तसलंच परत लावायची वेळ येणार आहे. इलेक्शन लागलं की बहुतेक वेळा बंदूक पोलीस स्टेशनला जमा. २०२४ च्या लोकसभेला १६ मार्चला आचारसंहिता लागली, आपल्याकडं मतदान ७ मेला आणि निकाल ४ जूनला, म्हणजे अडीच महिन्याच्या वर, आणि परत मिळेपर्यंत पाऊस सुरू. तिथं शंभर बंदुकांच्या ढिगात तुमच्या बंदुकीला कोण तेल लावत बसणार, त्यांचं ते कामच नाही. त्या वेळेला पातळ तेल पुरत नाही, जाड थर द्यायचा, नळीच्या आतनं पण. मी आमच्या शॉपमधलं आरपी ऑइलच थोडं मागून आणून ठेवलंय बाटलीत, उद्यमबागेत कुणी ओळखीचं असेल तर तुम्ही पण बघा, नाहीतर ऑइलच्या दुकानात लिटरनं मिळतंय. परत आली की सगळी धुलाई पहिल्यापासनं, आणि तेव्हा हा ब्रश आणि जॅग परत उपयोगी पडणार.

तर ब्रश आणि जॅगला पाचपैकी पाच, मॉपला तीन, रॉडला एक आणि ते पण लॉकटाइट लावल्यावर, बाटलीला शून्य, तिचं झाकण पहिल्याच दिवशी गळायला लागलं. सुटं मागताना दुकानात १२ बोरचाच ब्रश द्या म्हणून सांगा आणि पाकिटावरचा आकडा स्वतः वाचून घ्या, १६ बोरचा पण दिसायला तसाच असतोय. आणि तो रॉडच्या आट्यात बसतोय का ते तिथंच फिरवून बघा, सगळ्या कंपन्यांच्या आट्या एकसारख्या नाहीत.